तापीच्या खोऱ्यातील घरांचे उन्हापासून संरक्षण

सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर ह्यांच्या दरम्यान पसरलेले तापी-पूर्णेचे खोरे काळ्या कसदार जमिनीविषयी जसे प्रसिद्ध आहे, तसेच ते उन्हाळ्याच्या प्रखरतेविषयीही प्रसिद्ध आहे. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर, चोपडा ह्या भागांत एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान पुष्कळदा ४३ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. ह्या खोऱ्यातील केळी बागायतदार उन्हाळ्याची झळ किती घातक असते हे चांगले जाणतो. म्हणूनच तो बागेच्या कडेने शेवरीची अथवा उंच गवताची दाट रांग लावतो आणि घड उन्हाने करपू नयेत म्हणून ते पानांनी झाकतो. परंतु ज्या घरात त्याची मुलेबाळे व वृद्ध माणसे दुपार काढतात, त्या घराच्या छपराकडे मात्र तितक्या काळजीने पाहिले जात नाही. बागेला आडोसा आणि घरावर उघडा पत्रा, असे चित्र गावोगाव दिसते.

उष्ण घर ही केवळ गैरसोयीची बाब नव्हे. दिवसभर शेतात उन्हातान्हात राबलेल्या शरीराला रात्री विश्रांती मिळाली नाही, तर दुसऱ्या दिवशीचा उन्हाचा ताण सोसण्याची त्याची शक्ती कमी होते. वृद्ध, तान्ही मुले, गरोदर स्त्रिया व आजारी माणसे ह्यांना तर तापलेल्या खोलीत बसूनच उष्माघात होऊ शकतो. शिवाय घरात ठेवलेले बियाणे आणि गोठ्यातील जनावरे ह्यांचीही ह्यात हानी होते. थोड्या खर्चात व गावात मिळणाऱ्या वस्तूंनी घर पुष्कळसे थंड कसे राखता येईल, ह्याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे. तिचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे की, घरावर खर्च करावयाचा पहिला रुपया छपरावर खर्च करावा.

उष्णता घरात कोठून येते?

उन्हाळ्यात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. जळगावच्या अक्षांशावर तर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो अगदी माथ्यावर येतो व उभ्या काठीची सावली मध्यान्ही नाहीशी होते. अशा वेळी भिंतींवर ऊन थोडे पडते; सारा मारा छपरावर होतो. निरभ्र दुपारी एक चौरस मीटर आडव्या जागेवर सुमारे एक किलोवॅट इतकी सूर्याची उष्णता पडते. वीस फूट लांब व दहा फूट रुंद छपराचे क्षेत्र सुमारे साडेअठरा चौरस मीटर भरते. म्हणजे एवढ्याशा छपरावर एक किलोवॅटच्या अठरा विजेच्या शेगड्या एकदम पेटवून ठेवाव्यात, तसा हा प्रकार होय. ह्यांपैकी किती उष्णता परत आकाशाकडे धाडावयाची व किती घरात घ्यावयाची, हे छपरावर अवलंबून आहे.

पत्रा फार पातळ असतो व धातू उष्णता चटकन वाहून नेतो. त्यामुळे वरून तापलेला पत्रा खालूनही तितकाच तापतो. दुपारी त्याचे तापमान ६० अंशांच्याही पुढे जाते. असा पत्रा खाली बसलेल्या माणसावर निखाऱ्याप्रमाणे धग टाकीत राहतो. नवा पत्रा चकाकतो, म्हणून तो ऊन परतवीत असेल अशी समजूत असते. तो काही ऊन परतवितो हे खरे. परंतु आत शिरलेली उष्णता आकाशाकडे सोडण्याच्या बाबतीत चकाकणारा धातू मोठा कृपण असतो. पुढे तो गंजून काळवंडला की ऊन परतविण्याचा गुणही जातो.

धाब्याचे घर व आजचे घर

खानदेशातील जुनी घरे धाब्याची असत. लाकडी सरांवर कड्या, त्यांवर काटक्या व पाला आणि त्यांवर चांगला जाड मातीचा थर, अशी ती रचना होती. खाली दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती असत. अशा भिंतीतून व छपरातून दुपारची उष्णता आत पोहोचण्यास जवळजवळ अर्धा दिवस लागतो. ती आत येते तेव्हा बाहेर रात्र झालेली असते व दारे-खिडक्या उघडून घर निववता येते. पूर्वजांनी हे शास्त्र अनुभवाने सिद्ध केले होते.

तथापि धाबे मागे का पडले, हेही ध्यानात घेतले पाहिजे. लाकूड महाग झाले. वाळवीचा उपद्रव होई. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी वर नवी माती पसरून ती चोपावी लागे. अतिवृष्टीत भिजलेले धाबे खचून माणसे दगावण्याचा धोका असे. पत्रा हलका, टिकाऊ व गळतीस कमी. म्हणून लोकांनी तो स्वीकारला व ते योग्यच झाले. प्रश्न पत्रा काढून टाकण्याचा नाही. धाब्याच्या मातीने जे काम केले ते पत्र्याच्या घरात कोणी करावयाचे, एवढाच प्रश्न आहे. ज्यांचे धाबे अद्याप शाबूत असेल, त्यांनी ते मोडण्याची घाई करू नये. सर व कड्या तपासून, गळती बंद करून ते राखावे.

पत्र्याच्या घरासाठी उपाय

(१) दुरुस्ती : प्रथम पत्र्याची छिद्रे बुजवावीत, सैल झालेले खिळे व हूक घट्ट करावेत. छप्पर गळत असेल तर खालचे छत भिजून कुजते व पुढील सर्व खर्च वाया जातो.

(२) वरून पांढरा रंग : पत्रा धुऊन स्वच्छ करावा, गंज खरवडून काढावा आणि ऊन परतविणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यावेत. स्वच्छ पांढरा पृष्ठभाग पडलेल्या उन्हाचा बराच मोठा भाग परत आकाशाकडे धाडतो आणि शोषलेली उष्णताही सहज सोडतो. चुन्याची सफेदी हा त्यातील सर्वांत स्वस्त प्रकार होय. मात्र ती पत्र्यावर नीट धरत नाही व पावसात धुऊन जाते. म्हणून दरवर्षी होळीच्या सुमारास ती पुन्हा द्यावी लागते. पत्र्यासाठी मुद्दाम बनविलेला रंग महाग पडतो, परंतु अधिक वर्षे टिकतो. धुळीने पांढऱ्याचा पिवळा झाला की त्याचा गुण कमी होतो. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी छप्पर एकदा धुवावे.

कळीचा चुना विरवताना विशेष जपावे. भांड्यात आधी पाणी घेऊन त्यात चुना थोडा थोडा सोडावा. चुन्यावर पाणी ओतू नये, कारण तो एकदम उसळतो. मुलांना दूर ठेवावे. डोळ्यात चुना गेल्यास डोळा स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा व ताबडतोब दवाखान्यात जावे.

(३) खालून छत : पत्र्याखाली किमान वीतभर, शक्य तर हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत बांधावे. तट्ट्यांना खालच्या बाजूने माती, बारीक भुसा व शेण ह्यांचा पातळ गिलावा द्यावा. त्यामुळे फटी बुजतात, तट्टा आगीला लवकर दाद देत नाही आणि खोलीही उजळ दिसते. हे छत पत्र्याची धग अंगावर येऊ देत नाही. पत्रा व छत ह्यांच्यामधील पोकळीत उष्णता अडविणारा चकाकता कागद लावावयाचा असल्यास तो पत्र्याला चिकटवू नये. मध्ये दोन-तीन बोटे जागा ठेवून त्याची चकाकती बाजू खाली, पोकळीकडे करावी. वर केलेल्या बाजूवर धूळ साचते व कागदाचा उपयोग थोड्याच दिवसांत कमी होतो.

(४) तापलेल्या हवेस वाट : तापलेली हवा वर चढून आढ्याखाली कोंडते. आढ्याच्या दोन्ही टोकांना भिंतीत एक एक झरोका ठेवावा आणि वळचणीखाली हवा आत येण्यास फट ठेवावी. खालून येणारी हवा तापलेल्या हवेस वरच्या झरोक्याने बाहेर लोटते. साप, उंदीर व चिमण्या आत शिरू नयेत म्हणून झरोक्यांना बारीक जाळी ठोकावी.

हे चारही उपाय एकाच वर्षी शक्य नसतील, तर पहिल्या वर्षी दुरुस्ती व पांढरा रंग, दुसऱ्या वर्षी निजण्याच्या खोलीपुरते छत व झरोके, असा क्रम ठेवावा. सबंध घर थोडेथोडे सुधारण्यापेक्षा एक खोली पुरतेपणी थंड करणे अधिक हिताचे असते. कडक उन्हाच्या दिवशी घरातील वृद्ध व मुले निदान त्या खोलीत राहू शकतात.

काँक्रीटच्या स्लॅबचे घर

घरकुलांमुळे व वाढत्या उत्पन्नामुळे स्लॅबची घरे गावोगाव झाली आहेत. स्लॅब पत्र्यासारखा झटकन तापत नाही. परंतु दिवसभर तो उष्णता साठवितो आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत ती खोलीत सोडीत राहतो. म्हणून 'दिवसा बरे, रात्री भट्टी' असा अनुभव येतो.

ह्या घरात संरक्षक थर स्लॅबच्या वर असावा, खाली नव्हे. थर वर असला म्हणजे स्लॅब मुळातच तापत नाही, व रात्री थंड झालेला त्याचा वजनदार भाग दिवसा खोलीला गारवा देतो. विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसविणे ही आपल्याकडील रूढ व उत्तम पद्धत होय. ती गळतीही थांबविते. मात्र कोब्याचे वजन बरेच असते. म्हणून स्लॅब ते पेलेल किंवा नाही, हे जाणकारास आधी विचारावे व पाणी वाहून जाण्यास योग्य उतार ठेवावा. एवढा खर्च शक्य नसल्यास स्लॅबवर चुन्यात डिंक मिसळून सफेदीचे दोन हात द्यावेत. स्लॅबवर चुना पत्र्यापेक्षा चांगला धरतो. रोपवाटिकेत वापरतात ती शेडनेट गच्चीवर दोन-तीन फूट उंचीवर ताणून बांधल्यासही स्लॅब पुष्कळ कमी तापतो. खालून वारा खेळता राहिला पाहिजे आणि मृगाच्या आधी येणाऱ्या वादळात जाळी उडून जाणार नाही अशी ती बांधली पाहिजे.

पांढऱ्या छपराच्या उपायास आता सरकारी धोरणातही स्थान मिळू लागले आहे. शेजारच्या तेलंगण राज्याने २०२३ साली त्यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले.

भिंती, झाडे आणि दारे-खिडक्या

छपरानंतर पश्चिमेची भिंत पाहावी. दुपारनंतर सूर्य खाली उतरतो व ऊन ह्या भिंतीवर सरळ पडते. त्या वेळी छज्जाचा उपयोग होत नाही; कारण ऊन छज्जाखालून आत येते. म्हणून भिंतीपासून हातभर अंतरावर तट्ट्याचा अथवा तुराट्यांचा उभा आडोसा करावा, किंवा त्या बाजूस पडवी काढावी. भिंतीला पांढरी सफेदी द्यावी. घराच्या पश्चिमेस पुरेसे अंतर सोडून कडुनिंब लावावा. त्याची सावली मिळण्यास काही वर्षे लागतात, म्हणून तो ह्याच पावसाळ्यात लावणे चांगले. तोपर्यंत न्हाणीच्या सांडपाण्यावर दोडक्याचा अथवा घोसाळ्याचा वेल मांडवावर चढविल्यास सावली व भाजी दोन्ही मिळतात.

ह्या खोऱ्याची एक मोठी अनुकूलता अशी की, उन्हाळ्यात दुपार व पहाट ह्यांच्या तापमानांत सुमारे पंधरा अंशांचे अंतर पडते. तिचा लाभ घेण्यास एक पैसाही लागत नाही. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, बाहेरची हवा घरातील हवेपेक्षा उष्ण होऊ लागताच, खिडक्या व दारे लावून घ्यावीत. सूर्यास्तानंतर बाहेरची हवा थंड झाली म्हणजे ती पूर्ण उघडावीत व पहाटेपर्यंत उघडी ठेवावीत. 'वारा यावा' म्हणून भर दुपारी खिडक्या उघड्या टाकल्याने वारा येत नाही, झळ येते. चूल पेटविलेल्या खोलीस मात्र हा नियम लागू नाही. तेथे धुराची वाट नेहमीच उघडी हवी. स्वयंपाक शक्यतो सकाळी लवकर उरकावा.

वाळ्याचे पडदे, ओले गोणपाट व कूलर ही साधने कोरड्या हवेत चांगली चालतात. कारण पाण्याची वाफ होताना ते उष्णता ओढून घेते. मृगानंतर हवा दमट झाली की त्यांचा गुण उतरतो. पाण्याची टंचाई असलेल्या गावांनी ह्या साधनांवर भिस्त न ठेवता छपरावर ठेवावी, हे उघड आहे.

काय करू नये

पऱ्हाट्या घरावर किंवा छतावर रचू नयेत. सावलीसाठी फुकट मिळणारी वस्तू म्हणून त्या वापरण्याचा मोह होतो. परंतु त्यांवर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढील हंगामात कपाशीवर येते. म्हणजे घर थंड करताना शेतात कीड पेरल्यासारखे होते. आडोशासाठी काडी हवी असेल तर तुराट्या अथवा बांबू वापरावा. पऱ्हाट्यांची विल्हेवाट हंगाम संपताच लावावी.

कडबा, गवत किंवा केळीची वाळलेली पाने छपराखाली अथवा चुलीजवळच्या छतावर भरू नयेत. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत एक ठिणगी सबंध गल्लीचा नाश करण्यास पुरेशी होते. पत्र्यावर गवताचा थर घालण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तो थर उष्णता चांगली अडवितो, परंतु आगीचा व वादळाचा धोका पाहता दाट वस्तीत तो टाळावा.

थर्मोकोल उष्णता अडविण्यात फार सरस आहे. त्याची एक इंच जाडी सुमारे हात-दोन हात जाड काँक्रीटइतकी उष्णता रोखते. तथापि तो सहज पेट घेतो व त्याचा धूर विषारी असतो. तो उघडा कधीही लावू नये. वापरावयाचाच असल्यास गिलाव्याने अथवा न जळणाऱ्या फळ्यांनी पूर्ण झाकावा, आणि चूल वा विजेच्या तारा असतील तेथे मुळीच वापरू नये.

बियाणे व गोठा

तापलेल्या पत्र्याखाली ठेवलेल्या बियाण्याची उगवणशक्ती लवकर घटते. साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरले तर बियाण्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा बीजशास्त्रातील स्थूल नियम आहे. सोयाबीन व भुईमूग ह्यांचे बियाणे विशेष नाजूक असते. घरात जी खोली प्रथम थंड केली असेल तिच्यातच, जमिनीपासून उंच फळीवर, कोरड्या जागी ते ठेवावे व पेरणीपूर्वी उगवण तपासून घ्यावी.

गोठ्यालाही हेच उपाय लागू पडतात. म्हशीच्या काळ्या कातडीस व संकरित गाईस उन्हाचा त्रास अधिक होतो; त्या चारा कमी खातात व दूध आटते. गोठ्याचे छप्पर उंच असावे, पत्रा वरून पांढरा करावा, पश्चिमेस आडोसा द्यावा आणि पिण्याचे पाणी सदैव सावलीत ठेवावे.

प्रात्यक्षिक कसे घ्यावे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी केवळ व्याख्यानावर न थांबता प्रत्यक्ष करून दाखवावे. एकाच आकाराच्या, एकाच दिशेच्या व पत्र्याच्या दोन खोल्या निवडाव्यात. एकीचा पत्रा पांढरा करून खाली तट्ट्याचे छत बांधावे, दुसरी आहे तशी ठेवावी. दोन्ही खोल्यांत माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, भिंतीपासून दूर, एक एक तापमापक टांगावा. सकाळी सात, दुपारी तीन व रात्री दहा ह्या वेळांचे आकडे सात दिवस फळ्यावर लिहून ठेवावेत. प्रात्यक्षिकापूर्वी दोन्ही तापमापक एकाच जागी ठेवून ते सारखे आकडे दाखवितात ना, हे पाहावे. घरातील स्त्रियांना ह्या कामी प्रथम बोलवावे. कारण दुपारचा अधिकांश वेळ घरात त्यांनाच काढावा लागतो.

उष्माघाताची खूण

घर सुधारले तरी सावधगिरी सुटू नये. अंग तापून निघणे, बरळणे, झोकांडी जाणे, शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे होत. रोग्यास तत्काळ सावलीत आणून अंगावर पाणी घालावे व वारा घालावा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा रोग्यास आरोग्य केंद्रात न्यावे. खोलीतील हवा ४० अंशांच्या पुढे गेली असता पंख्याचा वारा शरीरास थंड करण्याऐवजी तापवू लागतो, हेही लक्षात असावे.

कामाचे वेळापत्रक

माघात पत्र्याची दुरुस्ती, फाल्गुनात सफेदी अथवा रंग, चैत्र लागण्यापूर्वी छत व झरोके, आणि पावसाळ्यात पश्चिमेस कडुनिंबाचे रोप, असा क्रम ठेवल्यास शेतीच्या कामाशी ह्या कामाचा विरोध येत नाही. काळीत पीक वाचविण्यासाठी आपण जितका विचार करतो, त्याच्या काही अंशाने जरी पांढरीतील घराचा केला, तरी पुढचा उन्हाळा घरातील लहानथोरांस पुष्कळ सुसह्य होईल.